काटा हलत नाही म्हणजे सिलिंडर भरलेलाच आहे असं नसतं

'नर्सिंगला अवस्थांतर, म्हणजे द्रवाची वाफ होणं वगैरे, कशाला हवं?' असं विचारलं की ताप उतरवायला ओल्या कपड्याने अंग पुसण्याचं उदाहरण देता येतं. पण माझं उत्तर ऑपरेशन थिएटरमधले सिलिंडर.

ऑक्सिजनचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर नुसत्या दाबाने वायूचा द्रव होत नाही ते) उणे ११८ अंश सेल्सिअस, म्हणजे खोलीत कितीही दाबला तरी तो वायूच राहतो. दाबमापकाचा काटा निम्म्यावर आला की गॅस साधारण निम्मा उरला, हिशेब सरळ. नायट्रस ऑक्साइड या भुलीसाठीच्या वायूचं क्रांतिक तापमान मात्र ३६.४ अंश. तो सिलिंडरमध्ये द्रव असतो, वर त्याची वाफ. वाफ वापरली की द्रव उकळून तिची जागा भरतो. २० अंशांना काटा ५१ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास बसून राहतो आणि द्रव संपल्यावरच झरझर उतरतो. म्हणून साठा वजनावरून काढायचा, घरच्या गॅसच्या टाकीसारखा. (परीक्षेत हे विचारायला हवं खरं तर.) जोरात वापर चालू असेल तर सिलिंडरवर बाहेरून दव, कधी बर्फही धरतो, कारण बाष्पीभवनाची सुप्त उष्णता, म्हणजे द्रवाची वाफ व्हायला लागणारी उष्णता, त्या धातूकडूनच ओढली जाते.

आणि नागपूरच्या मे महिन्यात, उघड्या शेडमध्ये चाळीस अंशांवर, म्हणजे ३६.४ च्या वर, तापलेल्या नायट्रसच्या सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही. काटाही नेहमीपेक्षा चढलेला दिसतो.