नागपुरात रिफिल विकायचं तर रील, लिंक्डइन की व्हॉट्सॲपची यादी?

बर्डीकर
संत्र्याच्या सालीचं बायोएन्झाइम, म्हणजे साल मुरवून केलेलं लादी पुसायचं द्रावण, करणाऱ्या घरगुती उद्योगांना सध्या एकच सल्ला मिळतो: इन्स्टाग्रामवर रील टाका, देशभर पोचा. माझा याला साफ विरोध आहे. १ भाग गूळ, ३ भाग साल, १० भाग पाणी, ९० दिवस मुरवण. म्हणजे बाटलीत बहुतेक पाणीच. ते कुरिअरने पुण्या-मुंबईला धाडून पर्यावरणाचं काय भलं होणार? त्यात मुरायचं थोडं बाकी असेल तर मे महिन्यात गॅस धरून बाटली फुगते, झाकण सुटतं नि अख्खं पार्सल चिकट. रिकामी बाटली परत घेऊन पुन्हा भरायची, तर ती परत येईल तेवढ्याच अंतरात विका.

त्याला व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं. धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर अशा भागवार ब्रॉडकास्ट याद्या करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. म्हणून पहिली बाटली देतानाच, दारात उभं असताना, नंबर सेव्ह करून घ्या. गुरुवारी मेसेज, शनिवारपर्यंत ऑर्डर, रविवारी एकाच फेरीत वाटप आणि रिकाम्या बाटल्यांची उचल. बाटली परत दिल्यावर किती रुपये कमी होतात, ते कॅटलॉगमध्ये वस्तूच्या नावातच लिहा. खालचं वर्णन कुणी उघडत नाही.

हिंगणारोड
भाऊ, अंतराचं पटलं, गिऱ्हाईक चुकलं. घरात एक लिटर महिनाभर पुरतं. वसतिगृहाला, ऑफिसला, कारखान्याच्या कॅन्टीनला २० लिटरचा कॅन लागतो आणि एका फेरीत पेट्रोलही वसूल होतं. ही माणसं लिंक्डइनवर आहेत. मिहान, बुटीबोरी, हिंगणा इथल्या कंपन्यांत मालक शोधू नका. ‘फॅसिलिटी’ किंवा ‘ॲडमिन’ हुद्द्याची माणसं शोधा, ठिकाण नागपूर. पहिल्या मेसेजला कॅटलॉग जोडू नका. दोन ओळी बस: काय आहे, आणि ५ लिटरचा नमुना कुठल्या दिवशी आणून देता येईल.

बर्डीकर
आणि उधारी? लहान उद्योग तिथेच बुडतो.

हिंगणारोड
उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करा. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक बिलावर छापा. खरी अडचण वेगळीच येते: हे द्रावण आम्ल असतं. पाणी न घालता संगमरवरावर ओतलं की चकाकी जाऊन पांढरट डाग पडतात आणि दुसरी ऑर्डर विसरा. पाण्याचं प्रमाण कॅनवरच मोठ्या अक्षरात मराठी-हिंदीत हवं, कारण लिंक्डइनवर बोलणारा वेगळा आणि लादी पुसणाऱ्या ताई वेगळ्या.

सालपापुद्रा
दोघांनीही मजकुराचा विषय सोडला. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगविरोधी, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या दाव्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. नुसतं ‘इको-फ्रेंडली’ किंवा ‘हरित’ लिहिलं की त्याचा आधार दाखवावा लागतो. ‘जंतू मारतं’ हे तर चाचणीशिवाय लिहूच नका. त्यापेक्षा ड्रमचा फोटो टाका: बाहेर खडूने लिहिलेली भरल्याची तारीख, आत तरंगणाऱ्या साली, खाली एक ओळ ‘साल ज्यूसवाल्याकडची, बाटली परत घेतो’. हे तपासता येतं, म्हणून पटतं.

गूगलवरही नोंद करा. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग टाकता येतात. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देऊ नका. नियमाविरुद्ध आहे, रिव्ह्यू उडतात.

बर्डीकर
फोटोचं मान्य. कॅन विकायलाही हरकत नाही, पण अनामत घेऊनच. नाहीतर चार महिन्यांत ते कॅन कॅन्टीनमागे पाणी साठवायला लागतात आणि तुम्ही नवीन प्लास्टिक विकत घेत बसता. यादीतल्या घरांना मात्र मी सोडणार नाही. कंपनीतला ॲडमिन बदलला की ऑर्डर जाते, धरमपेठेतली रिकामी बाटली रविवारी दाराशी तयार असते.

हिंगणारोड
अनामत कॅनच्या पूर्ण किमतीइतकी ठेवा आणि बिलात वेगळ्या ओळीत दाखवा. मालाच्या किमतीत मिसळली की परत मागताना वाद होतो.