आईला डर्मेटोमायोसायटिस (प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचा-स्नायूंवर उलटते तो आजार), एमडीए५ अँटीबॉडी पॉझिटिव्ह. गणपतीनंतर ॲडमिट केलं तर चालेल का?

लालबागची लेक:
आई ५४ वर्षांची. आधी बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे आले, पापण्या जांभळट झाल्या, आम्ही ॲलर्जी समजून मलम लावत बसलो. मग कोरडा खोकला लागला आणि आता दादरचा पूल चढताना दोनदा थांबते. डर्मेटोमायोसायटिस निघालंय, एचआरसीटीत (छातीच्या सीटी स्कॅनमध्ये) फुप्फुसांना सूज आहे. पण सीपीके (स्नायूंची रक्ततपासणी) नॉर्मल, हातापायात ताकद आहे म्हणून काका म्हणतात गणपती उरकून ॲडमिट करू, आईही तेच धरून बसलीये. डॉक्टर म्हणतात उद्याच या. काय करू?

परळकर:
अगं थांबू नकोस. एमडीए५ मध्ये सीपीके नॉर्मल येणं नेहमीचंच, स्नायू ठीक असतात आणि फुप्फुसं सापडतात. काही जणांचं तर बघता बघता काही आठवड्यांत बिघडतं, मग औषधांनाही वेळ पुरत नाही. घरी ऑक्सिमीटर आहे ना? बसून बघू नकोस, जिना चढल्यावर बघ.

मुलुंडची ताई:
माझ्या जाऊबाईंना हेच आहे. स्टेरॉइडसोबत टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, शुगर वाढली, चेहरा सुजला, घरातले घाबरून म्हणायला लागले बंद करा, पण स्टेरॉइड मनाने एकदम कधीच बंद करायचं नाही, डॉक्टर हळूहळू उतरवतात. आता त्या घरातलं सगळं करतात, पीएफटी (फुंकून करतात ती फुप्फुसांची तपासणी) चालू आहे. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कबुतरांचं विचारलेलं, त्यांच्या विष्ठेच्या धुळीनेही फुप्फुसाला सूज येते ना, म्हणून. तुमच्या गॅलरीत येत असतील तर जाळी लावून घ्या. आणि ही औषधं सुरू झाली की इन्फेक्शन पटकन होतं, त्यामुळे दर्शनाच्या गर्दीत त्यांना यंदा नेऊच नका.

परळकर:
खर्चाची अडचण असेल तर केईएमला रुमॅटॉलॉजीचा (सांध्यांच्या आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचा) वेगळा विभाग आहे. एचआरसीटीची सीडी घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको.

लालबागची लेक:
आत्ता बघितलं. ऑक्सिजन बसून ९६, दोन जिने चढून ८८. आईने स्वतः आकडा पाहिला, काही बोलली नाही, मोदकाचं पीठ काकूकडे दे म्हणाली. सकाळी निघतोय.