फसवून सही घेतली म्हटलं की फ्लॅट अडवायचा?

कोथरूडची_धाकटी:
काल इथे नाशिककरांनी लिहिलं, की संमतीच्या घटस्फोटात फ्लॅट बायकोला द्यायचं ठरलं असलं, तरी नवरा 'फसवून सही घेतली' म्हणत असेल तर हस्तांतर थांबवावं. माझ्या थोरल्या बहिणीने या एका वाक्यापायी चार वर्षं काढलीत. कन्सेंट टर्म्सच्या, म्हणजे संमतीच्या अटींच्या, पानापानावर मेहुण्याची सही. मुलीच्या फीचा आकडा त्यानेच खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाल्यावर मात्र फसवणूक आठवली! अहो, दरखास्तीच्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही, तो बरोबर की चूक हे तपासता येत नाही. तो हस्तांतराच्या कागदावर सही करत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१ नियम ३४ आहे. मसुदा द्यायचा, त्याच्या वतीने कोर्टाचा माणूस सही करतो.

नाशिककर:
आणि खरंच फसवलं असेल तर? माझ्या चुलतभावाच्या बायकोने ठेवी लपवल्या. सह्या झाल्यावर सहा महिन्यांनी बँकेचं पत्र जुन्या पत्त्यावर आलं, तेव्हा कळलं. फसवून मिळवलेला हुकूम शून्य, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच चेंगलवराय नायडू प्रकरणात सांगितलंय. तिने घर विकून टाकल्यावर भावाने काय करायचं?

काळा_कोट:
मग हुकूम देणाऱ्या त्याच कोर्टात अर्ज करायचा. वेगळा दावा चालत नाही, त्याच संहितेचा आदेश २३ नियम ३अ. आणि 'फसवलं' एवढंच लिहून भागत नाही. कोणी, कधी, काय लपवलं हे मांडावं लागतं. स्थगिती मिळेपर्यंत दरखास्त चालूच राहणार.

सोसायटी_सेक्रेटरी:
मुळात बक्षीसपत्र घटस्फोटाआधीच का करत नाहीत? नवरा-बायकोत राहत्या घराला मुद्रांक २०० रुपये, वर अधिभार. नंतर ती पत्नी नाही, सवलतही नाही. आमच्याकडे एक बाई याच पैशांसाठी अडलीय.

नाशिककर:
आधी घर द्यायचं आणि तिने संमती मागे घेतली तर? हुकूम होईपर्यंत घेता येते, १९९१ चा सुरेष्टा देवी निकाल बघा. घरही गेलं, घटस्फोटही नाही!

सोसायटी_सेक्रेटरी:
मग बक्षीसपत्र आणि कोर्टाची शेवटची तारीख एकाच दिवशी ठेवा.

नाशिककर:
निबंधक कार्यालयात सर्व्हर बंद पडला की कळेल तुम्हाला एकच दिवस म्हणजे काय!

कोथरूडची_धाकटी:
मुद्रांकावरून भांडताय, तिकडे माझी बहीण भाड्याच्या खोलीत राहते. नाशिककर, तुमच्या भावाकडे बँकेचं पत्र तरी आहे. आमच्या मेहुण्याच्या अर्जात एक तारीख नाही, एक कागद नाही.

नाशिककर:
कागद नसेल तर अडवू नये, एवढं मान्य. पण माझ्या भावासारखा कागद असेल, तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला घर विकायची मनाई हवीच.

कोथरूडची_धाकटी:
विकायची मनाई घाला हवी तर. तिला आधी घराची किल्ली द्या.