जुन्या टर्बो ट्रकला धुराच्या तापमानाचा सेन्सर घरी बसवताना भोक कोठे पाडावे?

प्रश्न (वरूड तालुका)
माझ्याकडे बीएस-६ प्रदूषण नियमांच्या आधीचा, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेला टाटा ४०७ आहे. मृग बहाराची संत्री घेऊन तो फेब्रुवारी-मार्चमध्ये परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जातो. डिझेल पंपाचे काम करून घेतल्यापासून मेळघाटातल्या चढावर भरल्या गाडीचा धूर काळा येतो, पण पाण्याचा काटा जागचा हलत नाही. म्हणून मी धुराचे तापमान दाखवणारा काटा आणि त्याचा सेन्सर आणला आहे. तो टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातला धूर एकत्र आणणाऱ्या बिडाच्या नळ्यांत) बसवावा की टर्बोनंतर सायलेन्सरच्या पाइपात? पाइपाला भोक पाडणे सोपे वाटते, मॅनिफोल्डला हात लावायची भीती वाटते. काम अंगणातच, हातातल्या ड्रिल मशीनने करायचे आहे.

उत्तर (वणी, ट्रकदुरुस्तीचे काम करतो)
भाऊ, टर्बोच्या आधीच बसवा. टर्बोचे चाक फिरवण्यात धुराची बरीच उष्णता खर्च होते, त्यामुळे चढावर टर्बोनंतरचा आकडा १०० ते २०० अंशांनी कमी दिसू शकतो, आणि हा फरक भारानुसार बदलत असल्याने ठरावीक आकडा मिळवून हिशेब जमत नाही.

तुमची भीती रास्त आहे. मात्र ती भोकापेक्षा किसाची असावी. बिडाचा कीस आत राहिला, तर इंजिन सुरू होताच तो टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळतो. ड्रिलला ग्रीस फासून गाडीवरच भोक पाडणारे पुष्कळ आहेत. मी तसे करत नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. मॅनिफोल्ड उतरवा. जुने स्टड तुटू नयेत म्हणून आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल टाका आणि नवे गॅस्केट आधीच आणून ठेवा. चारही नळ्या एकत्र आल्यानंतर, टर्बोच्या फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या कडेच्या) अलीकडे, जेथे बीड जाड आहे तेथे पंच मारा. आधी बारीक आणि मग साडेआठ मिलिमीटरचे भोक पाडा. टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) विकत घेण्यापूर्वी सेन्सरचे आटे नीट पाहा, कारण एक सूत मापाच्या एनपीटीला (अमेरिकी पद्धतीचे आटे) इंचात २७ आटे असतात आणि बीएसपीला (ब्रिटिश पद्धतीचे) २८. दोन्ही हाताला सारखेच लागतात, पण एकमेकांत घट्ट बसत नाहीत. टॅप निमुळता असल्यामुळे तो एकदम पूर्ण आत घालू नका; थोडे आटे पाडून सेन्सर लावून पाहत जा. सेन्सरचे टोक प्रवाहाच्या मध्याशी यायला हवे.

उत्तर (चंद्रपूर, वायरिंगचे काम)
हा सेन्सर बहुधा के प्रकारचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, उष्णतेने बारीक व्होल्टेज देणारा सेन्सर) असेल. तो ७०० अंशांना जेमतेम २९ मिलिव्होल्ट देतो, म्हणून वायर कमी पडली तर साधी तांब्याची वायर जोडू नका. त्याच प्रकारची वायर घ्या, नाहीतर बोनेटखालच्या उष्णतेने आकडा चुकेल. अमेरिकी रंगपद्धतीच्या वायरीत लाल तार ऋण असते, आपण गाडीत लाल धन समजतो; येथे हमखास गफलत होते. काट्याचा पुरवठा चावीनंतरच्या लाइनवरून, फ्यूज घालून घ्या.

उत्तर (यवतमाळ)
काटा आजार दाखवेल, बरा करणार नाही. डिझेल इंजिनात हवेच्या मानाने इंधन जास्त झाले की धूर काळा होतो आणि तापमान चढते. आधी एअर क्लीनर पाहा, टर्बोची होज फाटली आहे का ते पाहा, आणि त्यात काही दोष नसेल तर पंप पुन्हा कॅलिब्रेशनला (इंधनाचे माप जुळवायला) द्या. बीएस-६ गाडीवाल्यांनी मात्र हे वाचून भोक पाडू नये. त्यांच्या धूरप्रणालीत तापमानाचे सेन्सर कंपनीनेच दिलेले असतात.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मॅनिफोल्ड उतरवूनच काम केले. एक स्टड तुटला, तो लेथवाल्याकडून काढून घेतला. पहिल्याच फेरीत सेमाडोहच्या अलीकडे तिसऱ्या गिअरमध्ये काटा ७२० पर्यंत गेला आणि दुसरा गिअर टाकताच ६४० वर उतरला. हे कितपत धोक्याचे आहे?

उत्तर (वणी)
७०० च्या वर सलग ओढू नका; पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत. इंजिन दाबून ओढण्यापेक्षा गिअर लवकर उतरवा, म्हणजे हवा जास्त मिळते. चढ संपल्यावर आकडा २०० च्या खाली येईपर्यंत इंजिन बंद करू नका, नाहीतर टर्बोतले तेल जळते. आणि पंप तपासल्याशिवाय पुढचा माल भरू नका.