गेटवर उभं राहिलेल्यांनो, लिहा : सातारा-सांगलीकडचे अनुभव

जत्रा, कुस्त्या, नाटकं, मॅरेथॉन... बघायला आलेले ढीगभर लिहितात. छातीला बिल्ला लावून कार्यक्रमाकडं पाठ करून जे उभे असतात, त्यांना कुणी विचारत नाही. आपल्या भागात स्वयंसेवक, डोअरकीपर, दोरी धरणारा, काहीही म्हणून उभे राहिला असाल तर लिहा. लोकांना 'नाही' कसं म्हणता आणि कुठं उभं राहून म्हणता, तेवढं नक्की सांगा. आयोजकांची नावं नकोत.

सुरुवात मी करतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला मी यवतेश्वर घाटाच्या बाजूला असतो. पळणारे शिस्तीत, टाळ्या वाजवणारेही शिस्तीत. डोकं खातात ते गाडीवाले. रस्ता बंद असल्याचं पेपरात येऊन गेलेलं असतं, तरी कास पठाराला निघालेली गाडी बरोबर नाकासमोर येऊन उभी. "पाचच मिनिटं, पटकन जातो." घाटाच्या तोंडाशी अडवलं की गाडी वळवायला जागा नसते, मागं आणखी चार लागतात, आणि अडकलेला माणूस भांडणारच. म्हणून आम्ही माणूस अलीकडच्या चौकात उभा करतो. तिथं चिडले तरी वळून जातात. रुग्ण असेल तर प्रश्नच नाही, पुढं मोटारसायकल देऊन सोडतो.

पलूसकर
आमच्याकडं, पलूस-कुंडलच्या बाजूला, कुस्तीच्या मैदानाला तिकीट नसतं. म्हणजे 'प्रवेश नाही' हा शब्दच नाही. सगळा खेळ फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीच्या, रेघेवर. पुढची रांग मांडी घालून बसली पाहिजे, एवढं एक सांभाळलं की निम्मं काम झालं. बसलेला माणूस रेटत नाही, आणि मागच्याला दिसतं म्हणून तोही रेटत नाही. मोठी जोड लागली, हलगी तापली की पहिला एकजण उठतो. त्याला तिथंच बसवायचा. दहाजण उठल्यावर ओरडून काही होत नाही.

दुसरी गोष्ट ओळखीची. पोरगं दोरी धरून उभं असतं आणि एखादा म्हणतो, "कुणाचा रं तू? मला वळखलं न्हाईस?" पोरगं गडबडतं. म्हणून दोरीवर शक्यतो जुना पैलवान. त्याला कोण विचारणार? पटका बांधलेले म्हातारे वस्ताद मात्र आम्ही न विचारता पुढं नेतो. त्यावर आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

तिसरी घंटा
1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून इथला प्रत्येक प्रेक्षक नाट्यपंढरीचा मानकरी. तिसऱ्या घंटेनंतर येऊन तोच वर विचारतो, "अजून सुरू केलं नाही ना?" उशिरा आलेल्याला अंधारात त्याच्या खुर्चीपर्यंत नेत नाही. मागं उभं करतो, नाटकातला चालू प्रवेश संपला की टॉर्च जमिनीवर मारत नेतो.

खरी डोकेदुखी फुकटच्या कार्यक्रमांची. निम्मे येणार नाहीत असं धरून आयोजक खुर्च्यांपेक्षा जास्त प्रवेशिका वाटतात, आणि नेमके सगळे येतात. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' ही ओळ मुंगीच्या अक्षरात. लोक हातात प्रवेशिका धरून भांडतात, त्यांचं चूक नसतं. आता मी रांगेची डोकी मोजत मागं जातो आणि जिथं खुर्च्या संपतात तिथल्या माणसाला सांगतो, "काका, इथून पुढं उभं राहावं लागेल." निम्मे तिथूनच घरी जातात. दारात पोहोचल्यावर सांगितलं असतं तर कॉलर धरली असती.

वाईकर
रांगेच्या मागं जाऊन सांगायचं, हे वर 'तिसरी घंटा'नं लिहिलंय तेच, पण आमच्याकडं त्याला वेगळं वजन आहे. 25 जानेवारी 2005, मांढरदेव. काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, जवळपास तीनशे माणसं गेली. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, घसरून पडलेला उठू शकला नाही, आणि मागून येणाऱ्यांना पुढं काय झालंय ते दिसत नव्हतं. त्यानंतर आमच्या गावच्या छोट्या जत्रेतही आम्ही पायऱ्यांवर नारळ फोडू देत नाही. जायची वाट वेगळी, यायची वेगळी. गर्दी तुंबली तर शिट्टी शेवटच्या टोकाला वाजते. पुढच्याला "थांबा" म्हणून काय उपयोग, तो थांबलेलाच असतो.

पठारावरून
कासला फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग, दिवसाला किती सोडायचे त्याची मर्यादा. बुकिंग न करता आलेले म्हणतात, "एवढं लांबून आलोय." लांबून तर सगळेच येतात. एकदा आत सोडले की मग फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांमागं दिवसभर शिट्ट्या.

महिला रांग, कराड
पुरुषांच्या गेटवर बाउन्सर, आमच्याकडं बचतगटाच्या बायका. पिशव्या तपासायच्या, टोकदार काही आत न्यायचं नाही असा आदेश. एका आजींच्या चंचीत अडकित्ता निघाला. पितळी, मुठीला घासून घासून चकाकी आलेली. "ह्यो माझ्या सासूचा हाय, तुझ्या टेबलावर ठेवायला न्हाई आणला." मागं रांग खोळंबलेली. मी चिठ्ठीचे दोन तुकडे केले, एकच नंबर दोन्हीवर, एक अडकित्त्याला दोऱ्यानं बांधला, एक त्यांच्या पदराच्या गाठीत. आणि आतल्या सुपारीची खांडं तिथंच कातरून घ्यायला सांगितलं, रात्रभर पुरतील एवढी. त्या बाजूला बसून कातरत होत्या तोवर माझी रांग निम्मी आत गेली. निघताना मलाही एक खांड दिलं. आता आमच्या टेबलावर चिठ्ठ्या आणि दोऱ्याचं रीळ कायमचं असतं. जास्त करून कात्र्या आणि फळं चिरायच्या सुऱ्या जमा होतात.