मदत हवी आहे: कॉलेज, क्लास आणि पौष्टिक जेवण कसं जमवू?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला भंवरकुव्याजवळ खोली घेऊन राहते. सकाळी सातला क्लास, मग कॉलेज, परत यायला संध्याकाळ होते. नाश्त्याला कोपऱ्यावरचे पोहे, वर भरपूर शेव आणि जिरावन (इंदुरी मसाला), कधी सोबत जलेबी. चव अप्रतिम, पण अकरा वाजता पुन्हा पोटात कावळे. दुपारी कचोरी नाहीतर समोसा. डब्याची भाजी तेलात पोहत असते आणि वरण अगदी पाणीदार.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे किलोमागे रोज साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन 52 किलो, म्हणजे 43 ग्रॅमच्या आसपास. डब्यातून तेवढी मिळत नाहीत, हे उघड आहे. मी शाकाहारी आहे, अंडीही नाहीत.

खोलीवर इलेक्ट्रिक किटली आणि छोटा इंडक्शन आहे, फ्रीज नाही. मटकी भिजवून फडक्यात बांधते. थंडीत छान मोड येतात, पण उन्हाळ्यात एका रात्रीत आंबूस वास सुटतो आणि सगळी टाकावी लागते. फार जीव तुटतो. फ्रीजशिवाय ती कशी टिकवायची? भाजलेले चणे, शेंगदाणे, सातूचं पीठ हे रोज चालेल का? सोया वडी झटपट आणि चवदार कशी करायची? आणि हो, डब्यावाल्या काकूंना कमी तेलाचं कसं सांगू? त्या मायाळू आहेत, त्यांचं मन दुखवायचं नाही.

खोलीवर राहून शिकलेल्या ताई-दादांनी सकाळच्या पंधरा मिनिटांत होणारं काहीही सुचवा, प्लीज. महिन्याला हजारभर रुपये जास्तीचे काढू शकते.