वाचनालयाच्या सभागृहात चित्रप्रदर्शन भरवायचे आहे. जाणकारांचे मार्गदर्शन हवे

जलरंग_डोंबिवली

नमस्कार. डोंबिवली पूर्वेतील आम्ही काही चित्रकार रविवारी सकाळी एकत्र जमून स्थलचित्रण करतो. आमच्यात कलाशिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि कलामहाविद्यालयात शिकणारे विद्यार्थीही आहेत. मोठागावची खाडी, ठाकुर्लीचे जुने पॉवर हाऊस, पुनर्विकासात एकेक करून पाडले जाणारे बैठे बंगले आणि दुमजली चाळी हे आमचे विषय. ही चित्रे ज्या गावाची आहेत, त्या गावाने मात्र ती अजून पाहिलेली नाहीत.

1952 पासून सुरू असलेल्या जहांगीर कलादालनात आपली चित्रे लागावीत, असे प्रत्येकालाच वाटते. परंतु तिथे अर्ज केल्यावर पाळी येण्यास काही वर्षे जातात, फ्रेम केलेली चित्रे टेम्पोने काळा घोड्यापर्यंत नेण्याचा खर्च वेगळाच, आणि एवढे करूनही आमच्या गल्लीतील माणूस कामाचा दिवस मोडून तिथे येण्याची शक्यता फार थोडी. म्हणून वॉर्डातील एका सार्वजनिक वाचनालयाचे पहिल्या मजल्यावरील सभागृह आठवडाभर मिळवावे, असा विचार आहे. परवानगी कशी मागावी, खिळे न ठोकता चित्रे कशी टांगावीत आणि किमती लावाव्यात की नाहीत, याविषयी अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाचनालय_कार्यवाह

आपला विचार उत्तम आहे. मी एका तालुक्याच्या गावी ग्रंथालयाचे काम पाहतो, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने लिहितो.

1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या आमच्यासारख्या संस्थांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते. कर्मचाऱ्यांचे वेतन आणि ग्रंथखरेदी यांतच ते संपत असल्याने सभागृहाचे भाडे हा आमच्यासाठी किरकोळ विषय नसतो. तेव्हा ‘कलेसाठी सभागृह विनामूल्य द्यावे’ अशी सुरुवात करू नका. भाडे द्या, किंवा विक्रीतील ठरावीक हिस्सा संस्थेला देण्याची तयारी पत्रातच लिहा. खासगी कलादालने विक्रीतील तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक घेतात. त्या मानाने हा भार हलका पडेल. कार्यवाहांना तोंडी भेटून या, पण अर्ज कार्यकारी मंडळाच्या नावे लेखी द्या, म्हणजे तो मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. तारखा, वेळा, किल्ली कोणाकडे राहील, वीजबिल कोण भरेल आणि एखादे चित्र खराब झाले किंवा गहाळ झाले तर जबाबदारी कोणाची, हे सारे त्यात स्पष्ट असावे. शेवटची बाब संकोचाने टाळली जाते आणि पुढे कटुता येते.

माझे खरे सांगणे वेगळेच आहे. सभागृह घ्याच, पण काही चित्रे खाली वृत्तपत्र वाचन कक्षात आणि पुस्तक देवघेवीच्या खिडकीजवळ लावू द्यावीत, अशी परवानगीही मागा. सभागृहात केवळ ठरवून येणारे येतील. देवघेवीच्या रांगेत मात्र असे वाचक भेटतील, ज्यांनी आयुष्यात एकही प्रदर्शन पाहिलेले नाही. शक्य असल्यास दिवाळी अंकांच्या योजनेचे दिवस निवडा. त्या काळात सभासद अंक बदलण्यासाठी एरवीपेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात, घरातील मुले सोबत असतात आणि अंकांची मुखपृष्ठे व सजावट पाहिलेली असल्याने चित्रांविषयी बोलणे आपसूक निघते.

पेठेतला_चित्रकार

कार्यवाहांच्या म्हणण्याला कोल्हापूरहून दुजोरा. आमच्याकडे दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचे कलादालन आहे, आणि त्याचा आम्हाला मोठा आधार आहे. तरीही पेठेतील तालमीच्या खोलीत लावलेल्या चित्रांना जो प्रेक्षक लाभला, तो कलादालनात लाभला नव्हता. पंचगंगेच्या घाटावर म्हशी धूत असल्याचे एक मोठे जलरंगातील चित्र होते. दूध घालून परतणारे एक गृहस्थ रिकामी किटली हातात धरूनच त्याच्यासमोर उभे राहिले आणि डावीकडची म्हैस कोणाच्या गोठ्यातील आहे, हे त्यांनी शिंगांच्या वळणावरून सांगितले. त्यानंतर पाण्यातील प्रतिबिंब एवढे गडद का, असा प्रश्न त्यांनी विचारला. तो इतका नेमका होता, की चित्रकाराला ओल्या कागदावर दुसरा थर केव्हा द्यायचा, हे त्यांना सविस्तर समजावून सांगावेसे वाटले. विषय ओळखीचा असला, की माणूस हळूहळू चित्रणापर्यंत येतो. ‘लोकांना कला कळत नाही’ हे वाक्य मला म्हणूनच मान्य नाही. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमानांनी इथलेच रंकाळा आणि कोटितीर्थ हे तलाव रंगवले, तेव्हा समोर दिसणारे गावच त्यांना पुरेसे वाटले होते.

यासाठी एक पथ्य पाळा. प्रदर्शनाच्या संपूर्ण वेळेत किमान एक चित्रकार तिथे हजर असावा, आणि शक्य असेल तर तो काम करत असावा. येथील टाऊन हॉलच्या बागेत गायन सुरू असताना चित्रकार व शिल्पकार लोकांसमोर काम करतात, त्या मैफलीला होणारी गर्दी पाहिली की प्रात्यक्षिकाचे मोल कळते. उद्घाटनाच्या भाषणांवर वेळ आणि पैसा खर्च करण्यापेक्षा रोज संध्याकाळी तासभर प्रात्यक्षिक ठेवा.

फ्रेमवाला_पुणे

टांगण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. फ्रेम करणे हा माझा व्यवसाय आहे.

जुन्या इमारतींच्या भिंतींना ओल असते आणि प्लास्टर सुटलेले असते, त्यामुळे परवानगी मिळाली तरी खिळे ठोकू नयेत. मांडववाल्याकडून लाकडी चौकटी भाड्याने घ्या, त्यांवर गोणपाट किंवा मातकट रंगाचे कापड ताणून बसवा आणि त्या दोन-दोन अशा कोनात उभ्या करा, म्हणजे त्या आधाराशिवाय स्थिर राहतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांच्या दरम्यान असावा. मुले आणि खुर्चीवर बसलेले वृद्ध अधिक येणार असतील, तर तो थोडा खाली आणण्यास हरकत नाही. फ्रेमच्या मागे सुतळी नको. दोन्ही बाजूंना डी-हुक लावून त्यांत तार ओढा.

जलरंगांना काच लागतेच, आणि वाचनालयातील ट्यूबलाइट नेमकी त्या काचेत उमटते. चित्र वरच्या बाजूने किंचित पुढे झुकवले, तर ही चमक बरीच कमी होते. खिडकीतून थेट ऊन पडणारी जागा मात्र टाळाच, कारण जलरंगातील काही रंगद्रव्ये उन्हाने फिकी पडतात. पावसाळ्यात हे प्रदर्शन अजिबात भरवू नका. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, नसेल, तर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि बुरशी धरतो.

चित्रसंग्राहक

किमतींबाबत माझे मत ठाम आहे: त्या प्रत्येक चित्राखाली स्पष्ट लिहाव्यात. किंमत लिहिलेली नसली, की सामान्य माणूस विचारण्यास संकोचतो आणि चित्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे समजून निघून जातो. मूळ चित्रांसोबत छोटी रेखाटने आणि पोस्टकार्डाच्या आकाराच्या छापील प्रती ठेवा. विकल्या गेलेल्या चित्रावर लाल टिकली लावा, पण प्रदर्शन संपेपर्यंत ते हलवू नका.

पेठेतला_चित्रकार

@चित्रसंग्राहक, किमती लिहाव्यात हे मान्य. परंतु वाचन कक्षातील चित्रांखाली त्या नसाव्यात, असे मला वाटते. तिथे वाचक आपल्या रोजच्या जागी बसलेला असतो, त्याला गिऱ्हाईक करू नये. तिथे स्थळाचे नाव आणि चित्र काढल्याचे वर्ष एवढे पुरे. किमतींची यादी वरच्या सभागृहात राहू द्या.

जलरंग_डोंबिवली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यंदाच्या दिवाळी अंक योजनेचे पहिले दोन आठवडे मागणारे पत्र आम्ही तयार करत आहोत. त्यात भाड्यासोबत विक्रीचा दहावा हिस्सा संस्थेला देण्याचा प्रस्ताव आहे. पाडल्या गेलेल्या इमारतींची चित्रे वाचन कक्षात लावावीत आणि शेजारी एक वही ठेवावी, असे ठरले आहे; तिथे राहिलेल्यांनी आपल्या आठवणी त्या वहीत लिहाव्यात, अशी इच्छा आहे. अशी वही कोणी ठेवली असल्यास त्यातील मजकुराचे पुढे काय केले, तेही कृपया कळवावे.

वाचनालय_कार्यवाह

आमच्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात अशा वह्या दाखल नोंदवहीत क्रमांक देऊन ठेवलेल्या आहेत. तुमच्या पत्रातच तशी विनंती घाला, आणि वहीच्या पहिल्या पानावर ‘हा मजकूर वाचनालयात जतन केला जाईल’ असे लिहा, म्हणजे लिहिणाऱ्याला त्याची आधीच कल्पना राहील.